सेफ्टी डोअर कोणत्या बाजूला उघडायचं? ऑर्डर देण्याआधी या चुका टाळा

फ्लॅटचं मुख्य दार आत उघडतं, त्यामुळे त्याच चौकटीतलं जाळीचं दार, म्हणजे सेफ्टी डोअर, बाहेरच उघडावं लागतं. त्यात निवड फारशी नसते. गडबड होते ती बिजागऱ्या कोणत्या अंगाला घ्यायच्या आणि दोन दारांमध्ये जागा किती उरते, इथे.

नुसतं ‘डावं दार’ सांगणं

कुणी आतून बघून डावं-उजवं ठरवतं, कुणी बाहेरून. कुणी बिजागरीची बाजू धरतं, कुणी हँडलची. फॅब्रिकेटरला पूर्ण वाक्य द्या: ‘लॉबीत उभं राहून दाराकडे तोंड केलं की बिजागऱ्या उजवीकडे, पल्ला आपल्याकडे ओढून उघडायचा.’ हेच कोटेशनच्या कागदावर आकृतीसकट लिहून घ्या.

बिजागऱ्या उलट्या अंगाला घेणं

अडचण नसेल तर दोन्ही दारांच्या बिजागऱ्या एकाच बाजूला ठेवा. मग मुख्य दार किलकिलं केलं तरी बाहेर कोण आहे ते दिसतं आणि जाळीच्या दाराच्या लॅचपर्यंत हात पोचतो. बिजागऱ्या उलट असतील तर आतलं दार सताड उघडल्याशिवाय बाहेरचं लॅच हाताला लागत नाही, म्हणजे जाळीचं दार लावण्याचा अर्धा उपयोग तिथेच गेला.

अपवाद लॉबी ठरवते. बिजागरीच्या जागी दोरीचं टोक धरा, पल्ल्याच्या रुंदीइतकी दोरी घ्या आणि फरशीवर खडूने कमान काढा. ही कमान जिन्याच्या पायरीवर, लिफ्टच्या दारासमोर किंवा शेजाऱ्यांच्या दाराच्या कमानीत जात असेल तर बाजू बदलावी. समोरासमोरची ३ फुटी दारं ६ फुटांपेक्षा अरुंद लॉबीत एकदम उघडली तर एकमेकांवर आपटू शकतात. जागा फारच कमी असेल तर २ आणि १ फुटाचे दोन पल्ले करा. रोज मोठाच उघडायचा, फ्रिज आणताना दोन्ही. वास्तूच्या हिशेबाने दिशा ठरवायची असेल तरी आधी खडूची कमान बघा.

पल्ला उघडून भिंतीला टेकला पाहिजे. कोपऱ्यातली भिंत अगदी जवळ असेल तर हँडल आधी आपटतं आणि दार ९० अंशही उघडत नाही. उघड्या पल्ल्यामागे बेलचं बटण झाकलं जात नाही ना, हेही पाहा.

दोन दारांमधली जागा न मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ५ इंची चौकट म्हणजे आतून बाहेरपर्यंत साधारण १२५ मिमी. त्यातून मुख्य दाराच्या जाडीचे ३५ आणि जाळीच्या दाराचे ३० वजा केले की ६० मिमी उरतात. ४ इंची चौकटीत जेमतेम ३५. मुख्य दाराचं बाहेरचं हँडल एकटंच ५०-६० मिमी पुढे येतं, आणि समोरून जाळीच्या दाराचं आतलं लॅच. ४ इंची चौकटीत एक दार लावलं की दुसरं बंदच होत नाही. म्हणून हे हँडल आणि ते लॅच यांच्या उंचीत किमान ६ इंचांचा फरक ठेवा. तरीही हँडल समोरच्या पल्ल्याला अडत असेल तर चपटं हँडल घ्या किंवा बाहेरून लोखंडी जोडचौकट लावून जाळीचं दार पुढे सरकवा.

बाहेर आलेल्या बिजागऱ्यांकडे दुर्लक्ष

बाहेर उघडणाऱ्या दाराला लाथ मारली तर पल्ला चौकटीच्या खाचेवर दाबला जातो, हा त्याचा फायदा. पण बिजागरीची पिन बाहेर उघडी असते; ठोकून काढली की कुलूप शाबूत राहून दार निघतं. म्हणून पिन न निघणाऱ्या बिजागऱ्या घ्या किंवा पिनची टोकं वेल्ड करून घ्या. ७ फुटी दाराला ३ बिजागऱ्या, पल्ला जड पत्र्याचा असेल तर ४. लॅचच्या बाजूच्या फटीत पहार घालता येऊ नये म्हणून पल्ल्याला बाहेरून १ इंचाची पट्टी हवी. लॅचजवळची जाळी हात जाणार नाही इतकी बारीक ठेवा. बाहेरून लागणारी कडी नकोच. चोर शेजाऱ्यांना कोंडायला तीच वापरतात आणि आगीच्या वेळीही तीच घात करते.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. जिन्याची वाट अडली तर बसवलेलं दार काढायला लागू शकतं.

दार बसून गेलं असेल तर

लाकडी पल्ल्याची बाजू बदलता येते: बिजागऱ्या पलीकडे नेऊन जुन्या खाचांत लाकडाचा तुकडा डिंकाने बसवायचा. बऱ्याच लॅचांची जीभ उलटी करता येते, ते नवीन घेण्याआधी तपासा. लोखंडी दाराच्या बिजागऱ्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागतात आणि जोडावर लगेच रेड ऑक्साइड मारावं लागतं, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो.

लॅचकडचा खालचा कोपरा फरशीला घासत असेल तर दोष बहुधा वरच्या बिजागरीत असतो. लाकडी चौकट असेल तर तिथे २ इंची स्क्रू मारा. दार आपोआप मिटत किंवा उघडत असेल तर चौकट बहुधा ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही; नुसते स्क्रू आवळून ते थांबणार नाही.