हब आकसू लागले की विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याने काय करावे

विमान कंपनीतली नोकरकपात अचानक आल्यासारखी वाटते, पण तिची चाहूल रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, बरीच आधी लागलेली असते. जेट एअरवेजचे हब, म्हणजे मुख्य तळ, मुंबईत होते. 120 च्या आसपास विमाने बाळगणारी ही कंपनी मार्च 2019 मध्ये 41 विमानांवर आली, आणि 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान तिचे शेवटचे ठरले. त्याआधीचे कित्येक महिने पगार रखडत होते आणि भाड्याची विमाने जमिनीवर उभी राहत होती. फेऱ्या घटणे, रात्रपाळ्या रद्द होणे, दुसऱ्या शहरातल्या बेसवर जाण्याविषयी तोंडी विचारणा होणे, या खुणा दिसू लागल्या की पुढची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी, कारण कंपनीचे ईमेल आणि एचआर पोर्टल बंद झाल्यावर हक्काचा पुरावा मिळवणे फार जड जाते.

पहिला प्रश्न असा की आपण नक्की कोणाचे कर्मचारी आहोत. चेक-इन काउंटरवर विमान कंपनीचा गणवेश घालून उभा असलेला माणूस पुष्कळदा ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या किंवा तिच्या कंत्राटदाराच्या पटावर असतो. पगारपत्रकाच्या माथ्यावरचे नाव, नियुक्तिपत्रावरचे नाव आणि पीएफ पासबुकातले आस्थापनेचे नाव ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत, आणि ती वेगवेगळी निघाली तर तसे लेखी विचारावे. मग नियुक्तिपत्र, बदली व पगारवाढीची पत्रे, किमान दोन वर्षांची पगारपत्रके, रजेची शिल्लक, फॉर्म 16 आणि प्रशिक्षणाच्या नोंदी यांच्या प्रती स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवाव्यात. प्रवाशांची किंवा कंपनीची गोपनीय माहिती मात्र त्यात येऊ देऊ नये. पगारातून पीएफ आणि आयकर कापला जातो एवढ्यावर विसंबू नये. पीएफ पासबुकात आणि फॉर्म 26 एएसमध्ये (आपल्या नावे भरलेल्या आयकराच्या नोंदीत) ती रक्कम खरोखर जमा झाली आहे का, हे दर महिन्याला पाहावे.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे सही. कपातीच्या काळात कर्मचाऱ्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावून आधीच छापलेला राजीनामा पुढे ठेवला जातो आणि “यावर सही केलीत तर अनुभवपत्र स्वच्छ मिळेल” असे सांगितले जाते. त्या कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द असले, तर कपातीची भरपाई मागण्याचा पाया तिथेच ढासळतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात करताना कारण नमूद केलेली एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. एकाच प्रवर्गात शेवटी आलेल्याला आधी काढण्याचा सर्वसाधारण नियमही आहे; तो मोडायचा तर मालकाने कारण नोंदवायचे असते. राजीनामा देणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. म्हणून सही मागितली तर कागदाची प्रत घ्यावी, वाचण्यासाठी वेळ मागावा, आणि घरी पोहोचताच झालेल्या बोलण्याचा गोषवारा एचआरला ईमेलने कळवावा. व्यवस्थापकीय पदावरील आणि 18,000 रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी नियुक्तिपत्रातल्या नोटिशीच्या कलमावर बोट ठेवावे.

ग्रॅच्युइटी हा वेगळा हक्क आहे आणि पाच वर्षांची सेवा झालेल्याला तो राजीनाम्यानंतरही मिळतो. हिशेब सोपा आहे: शेवटच्या महिन्याच्या ग्राह्य वेतनाला 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. वेतन 26,000 रुपये आणि सेवा आठ वर्षे असेल तर ही रक्कम 1,20,000 रुपये होते. मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एक वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते, हे कंत्राटी तरुणांना बहुधा कोणी सांगत नाही. कामावरून काढल्यास राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. तक्रार करायची झाल्यास राज्याच्या कामगार कार्यालयात खेटे घालू नयेत. हवाई वाहतूक सेवा केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे केंद्रीय कामगार आयुक्तांच्या मुंबईतील कार्यालयाकडे किंवा ‘समाधान’ या सरकारी तक्रार पोर्टलवर जावे.

ऑक्टोबर 2008 मध्ये जेटने सुमारे 1,900 जणांना कमी करायचे ठरवले, तेव्हा गणवेशातली मुले-मुली मुंबई विमानतळावर निदर्शनाला उतरली आणि एका दिवसात निर्णय मागे घ्यावा लागला. चालत्या कंपनीवर असा दबाव कामी येतो. कंपनी दिवाळखोरीत गेली की मात्र कायद्याने तिच्याविरुद्धच्या खटल्यांना स्थगिती मिळते आणि हाती उरतो तो फक्त वेळेत भरलेला दावा. जेटचे प्रकरण 20 जून 2019 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. दावे मागवणारी जाहीर सूचना निघताच कर्मचाऱ्याने स्वतः ‘फॉर्म डी’ भरावा; सर्वांच्या वतीने प्रतिनिधी भरणार असेल तर ‘फॉर्म ई’. त्यात थकीत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि पीएफ यांचे आकडे वेगवेगळे मांडावेत, कारण त्यांचा क्रम वेगळा लागतो: कंपनी अवसायनात गेल्यास, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करायची ठरल्यास, कामगारांची 24 महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात, इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची देणी त्यांच्याखाली, आणि पीएफ व ग्रॅच्युइटीचा निधी वाटपाच्या मालमत्तेत धरलाच जात नाही.

जेटच्या कर्मचाऱ्यांनी हा मुद्दा चिकाटीने लढवला. ऑक्टोबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्याचा आदेश दिला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तरीही पुनरुज्जीवनाची योजना फसली आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. एवढी मोठी लढाई एकट्याने पेलण्यासारखी नाही, म्हणून संघटनेची वर्गणी चालू ठेवावी आणि दाव्याच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात. अवसायन सुरू झाल्यावर पूर्वीच्या दाव्यावर न थांबता ताज्या आकड्यांसह नवा दावा भरणे शहाणपणाचे. तिथे कर्मचाऱ्याचा अर्ज ‘फॉर्म ई’ असतो, आणि या अक्षरांच्या अदलाबदलीत अनेकांची गफलत होते.

दरम्यान हातातले कौशल्य शिळे होऊ देऊ नये. देखभाल अभियंत्याला परवान्याचे अधिकार वापरण्यासाठी मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यामुळे लॉगबुकावर अधिकाऱ्याच्या सह्या कंपनी चालू असतानाच घ्याव्यात. ग्राउंड स्टाफने धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत तपासावी. विमानतळाचा प्रवेश पास परत करताना पोच घ्यावी, म्हणजे पुढच्या नोकरीत नवा पास काढताना अडचण येत नाही. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथल्या भरतीकडे लक्ष ठेवावेच, पण जुन्या कंपनीकडेही आपला चालू पत्ता आणि फोन लेखी नोंदवून ठेवावा, कारण कपातीनंतर वर्षभरात तिने पुन्हा भरती केली तर कपात झालेल्या कामगाराला प्राधान्य द्यावे लागते.