घोडीचं वय दातांवरून कसं ओळखाल

वानवडीत आमच्याकडे वरातीसाठी घोडी बघायला येणाऱ्यांना मी आधी तोंड उघडायला लावतो. घोडीचं!

समोर नको, बाजूला उभे राहा, ओठ हळूच उचला. पटाशीचे दुधाचे दात मधले अडीच, शेजारचे साडेतीन, कडेचे साडेचार वर्षांनी पडतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. सुळे शोधू नका, घोडीला ते बहुधा नसतात.

पुढे वरच्या कडेच्या दातावर खाच बघा: १०व्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसते, १५व्याला निम्म्यावर, २०व्याला टोकाला. अंदाजच तो. गवताने दात झिजतात, हिरडीतून वर सरकत राहतात. घोड्याचा साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज गवत नाही, पाला खायचा, म्हणून बुटक्या दातांवर त्याचं भागायचं.

खाच निम्म्यावर आणि मालक म्हणतो ‘सहा वर्षांची’? चहा घ्या, निघा.