ग्राफवरचं नाव बिंदूला बांधा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत क्यूसीला (माल तपासणीला) लागलात की टेन्साइल टेस्टचा (टेस्ट बार, म्हणजे नमुन्याची कांडी, तुटेपर्यंत ओढायच्या चाचणीचा) ग्राफ एक्सेलमध्ये काढायची वेळ लवकरच येते. रेषा झटकन येते. अडतं ते तिच्यावर 'प्रूफ स्ट्रेस' (ठरावीक कायमचा ताण-वाढ, बहुधा 0.2 टक्के, राहतो तेव्हाचा स्ट्रेस), 'यूटीएस' (बारने सोसलेला सर्वाधिक स्ट्रेस) लिहिताना. नवी मुलं टेक्स्ट बॉक्स ओढून ठेवतात. पुढच्या टेस्ट बारचे आकडे पेस्ट केले की अक्षाचं माप बदलतं, रेषा सरकते, बॉक्स मात्र जुन्याच जागी. रिपोर्ट चुकीचा जातो आणि सही करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. शिवाय ग्राफ सिलेक्ट न करता घातलेला बॉक्स शीटवर बसतो. ग्राफ वर्डमध्ये नेला की तो मागेच राहतो.

आधी ग्राफ 'स्कॅटर' घ्या. 'लाइन' घेतलात तर स्ट्रेनचे (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेल्या वाढीचे) आकडे सारख्या अंतरावर मांडले जातात आणि सुरुवातीचा सरळ भागही वाकडा दिसतो.

आता एसजी 500/7 चा (एसजी आयर्न या बिडाच्या एका ग्रेडचा) बार धरू. इ (स्ट्रेस भागिले स्ट्रेन, म्हणजे सरळ भागाचा चढ) 1,70,000 एमपीए (मेगापास्कल) आणि 0.2 टक्के प्रूफ स्ट्रेस 340 आला, तर बिंदूचा स्ट्रेन 340 भागिले 1,70,000 अधिक 0.002, म्हणजे 0.004. ए2 मध्ये 0.004, बी2 मध्ये 340 आणि सी2 मध्ये हे सूत्र:

="प्रूफ स्ट्रेस "&TEXT(B2,"0")&" एमपीए"

सूत्रातलं TEXT गाळलं आणि बी2 मधला आकडा दशांशातला असला, तर लेबलवर 340.285714285714 असली शेपटी येते. मग 'सिलेक्ट डेटा'मधून नवी सिरीज जोडा: एक्सला ए2, वायला बी2. त्या बिंदूवर राइट क्लिक, 'ॲड डेटा लेबल्स'. नंतर 'फॉरमॅट डेटा लेबल्स'मध्ये 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' टिक करून सी2 दाखवा आणि 'वाय व्हॅल्यू'ची टिक काढा, नाहीतर आकडा दोनदा छापतो. आता आकडा बदलला की नाव बिंदूबरोबर सरकतं. ही सोय एक्सेल 2013 पासूनची. जुन्या एक्सेलमध्ये फाइल उघडली तर लेबलच्या जागी 'सेलरेंज' एवढंच दिसतं, म्हणून ग्राहकाला पीडीएफच द्या.

वर्गाचं चिन्ह हवं तर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर 0178, डिग्रीला 0176.

आणि एफजी 260 च्या (ग्रे आयर्नच्या एका ग्रेडच्या) ग्राफवर 'यील्ड पॉइंट' (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो बिंदू) कधीच लिहू नका. ग्रे आयर्नला स्पष्ट यील्ड नसतो. तिथे तुटण्याचा बिंदू आणि टेन्साइलचा आकडा, एवढंच लेबल खरं.