सोलापूरहून इंग्लंडला येताय? आधी दाढा दाखवून घ्या

व्हिसा, फॉरेक्स, थर्मल यांच्या याद्या सगळ्यांकडे असतात. दातांचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’. इथे व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) भरूनही दातांचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि नवे प्रौढ पेशंट घेणारा एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) दवाखाना शोधताना माणूस रडकुंडीला येतो. एप्रिल 2025 मध्ये लागू झालेले एनएचएसचे दर असे होते: फिलिंग, रूट कॅनाल, दाढ काढणं 75.30 पौंड, कॅप, ब्रिज, कवळी 326.70. खाजगीत याहून बरंच जास्त. एनएचएसमध्ये अठराच्या आतल्या मुलांना फुकट, गरोदर बायकांनाही, आणि बाळंतपणानंतर वर्षभर.

आता मुख्य मुद्दा. निघण्याच्या आठवड्यात रूट कॅनाल उरकून, कॅप न बसवता विमानात चढू नका. दुखणं थांबलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि दरवर्षी कोणीतरी तेच करून येतं. किडीने आणि ड्रिलने दाढ आतून पोकळ झालेली असते, उरलेल्या भिंती पातळ. वरचं कच्चं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, कडेने लाळ आत शिरते आणि साफ केलेल्या मुळांत पुन्हा जंतू जातात. त्यात बॅगेतून आणलेली कडक भाकरी चावली की दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की कॅपचा उपयोग नाही, दाढच काढावी लागते.

म्हणून किमान दोन महिने आधी सुरुवात करा. आधी एक्स-रे. मग रूट कॅनाल; मुळं टोकापर्यंत भरली का, हे शेवटच्या एक्स-रेवर डॉक्टरांकडून दाखवून घ्या. त्यानंतर पक्कं फिलिंग, दाढ घासून माप, लॅबमधून कॅप. बसवताना निळा कागद चावायला देतात, तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणून उठू नका. कॅप जराशी जरी उंच लागली तरी सांगा, नाहीतर चावताना दाढ ठणकत राहते. कॅप आणि शेजारचा दात यांच्यामध्ये फ्लॉस (फटी साफ करायचा धागा) अडकत जायला हवा. सहज सरकला तर तिथे शेंगाचटणी अडकणार आणि हिरडी सुजणार. कॅप बसल्यावर दोन आठवडे तरी गावात राहा. सगळे एक्स-रे फोनमध्ये ठेवा.

दुखरी अक्कलदाढ महिनाभर आधी काढा. मावा, मिश्री सोडा.

इथली टूथपेस्ट 1350 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची घ्या. घासून झाल्यावर फक्त थुंका, चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या.

आपल्या ग्रुपवर ‘कोणाकडे अँटिबायोटिक आहे का’ असं विचारणारे आणि लगेच देणारेही भरपूर. किडलेल्या दाढेचं दुखणं त्याने बरं होत नाही. जीपीही (इथला फॅमिली डॉक्टर) दात बघत नाही. रात्री-बेरात्री ठणका लागला तर 111 ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करा. तोंड, गळा सुजून गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला तर थेट 999 (इमर्जन्सी).