ऊसतोडीच्या गावांतील अपंगत्वाचा अभ्यास : नव्या संशोधकांसाठी

मराठवाड्यात अपंगत्व, स्थलांतर आणि हवामानन्याय (हवामानबदलाची झळ कोणाला किती बसते हा प्रश्न) यांवर एकत्रित संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी प्रश्नावली लिहिण्याआधी ऊसतोडीचा हंगाम समजून घ्यावा. बीड-धाराशिवच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. ज्याला मोळी उचलून गाडी भरता येत नाही, तो या हिशेबात बसत नाही. म्हणून मी एकच प्रश्न धरून ठेवला : सगळे फडावर गेल्यावर मागे राहिलेल्या अपंग माणसाचे पाणी कोण भरते?

2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते देशभर गाजले. मला मात्र टँकरपासून उंबरठ्यापर्यंतचे अंतर अभ्यासायचे होते, कारण टँकर विहिरीत रिता झाला की ते पाणी शेंदावे लागते आणि कुबड्या घेऊन शेंदता येत नाही. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याचे आठवे कलम नैसर्गिक आपत्तीत समान संरक्षणाची हमी देते. ते वाचून मगच गावात जावे.

असे अंतर मुलाखतीत क्वचितच नीट उमटते. लोकांच्या हाती कॅमेरा देण्याची पद्धत कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी 1990च्या दशकात चीनमधील ग्रामीण स्त्रियांसोबत विकसित केली. ती उपयुक्त आहे, पण दृष्टिहीन व्यक्तीपुढे कॅमेरा ठेवून काय साधणार? तिथे सुतळीची वाट, तुरकाठ्यांचे कुंपण आणि जोंधळ्याच्या राशींची घरे असा हाताने चाचपता येणारा नकाशा जमिनीवर मांडावा आणि मांडणी त्या व्यक्तीनेच करावी. कर्णबधिर व्यक्तीसाठी चित्रे बरी पडतात. म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या सुचतात, त्यांत दुष्काळही येतो. (चित्र देखणे व्हावे हा हट्ट सोडणे कलाशाखेतून आलेल्यांना जरा जड जाते.)

संमती एकदाच घेऊन भागत नाही. उचलीविषयी बोललेल्या माणसाचा फोटो त्याच गावातल्या मुकादमापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून प्रत्येक चित्र बाहेर दाखवण्यापूर्वी पुन्हा विचारावे आणि नकार आला तर ते निमूटपणे वगळावे. प्रदर्शन विद्यापीठात नंतर भरवता येईल. आधी ते गावात, टोळ्या परतल्यावर आणि मृगाच्या पेरणीआधी भरवावे, कारण पेरणी सुरू झाली की कोणाला थांबायला सवड नसते.