रात्री दोनला ज्यांचं दार वाजवता, त्यांचा सत्कार कसा करावा

कळव्यात आमच्या चार सोसायट्यांनी मिळून पहिल्यांदा सत्काराचा कार्यक्रम केला, तेव्हा सत्कारमूर्ती होत्या शेजारच्या चाळीतल्या एक मावशी. महापालिकेच्या रुग्णालयात कुणालाही न्यायचं झालं की त्या सोबत जायच्या. केसपेपर कुठे काढायचा, रक्ताचा नमुना कुठे द्यायचा, रात्री नातेवाइकाने कुठे टेकायचं, हे सगळं त्यांना पाठ. कार्यक्रम दीड तास चालला. पाहुणे बोलले, पाहुण्यांचे आभार मानणारे बोलले. मावशींच्या वाट्याला शाल, नारळ आणि ‘थोर समाजसेविका’ हे दोन शब्द आले. खाली उतरल्यावर त्यांच्या नातीने विचारलं, “आजी, तू काय केलंस म्हणून दिलं हे?” मंचावरून ते कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही सगळी पद्धत बदलली. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ, कुठल्याही वस्तीत ती चालेल. तयारीला साधारण तीन महिने हाताशी ठेवा.

आधी माणसं जमवा, मग पैसे

पाच ते सात जणांची समिती पुरते. तिच्यात भाडेकरू हवेत, बायका हव्यात, एखादा पंचविशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी हवी, आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या चाळीतलं किंवा गावठाणातलं कुणीतरी हवंच. नवी मुंबईत हे विशेष सांभाळा. तिथे सिडकोचा सेक्टर आणि त्याला लागून असलेलं मूळ आगरी-कोळी गाव यांच्यात रस्ता एकच असतो, पण ओळख नसते. समिती एकाच बाजूची झाली की नावंही एकाच बाजूची येतात.

दोन नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. समितीतल्या कुणाच्याही घरच्या माणसाचं नाव त्या वर्षी घ्यायचं नाही. आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेल्याने समितीत यायचं नाही. दुसरा नियम सांगताना जीभ अडखळते, पण तो नंतर सांगणं जास्त अवघड जातं.

खर्च सोसायटीच्या खात्यातून करणार असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजुरी घ्या. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, त्यामुळे जानेवारीच्या कार्यक्रमाचा विषय तिथे वेळेत मांडता येतो. वर्गणी काढणार असाल तर पावती द्या आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावा. सत्कारमूर्तींकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, ना नोंदणी फी म्हणून, ना सन्मानचिन्हाचा खर्च म्हणून. पुरस्कार देतो म्हणून पैसे मागणारे पुष्कळ फिरतात. आपल्या वस्तीतल्या माणसाला त्यांच्यासारखा अनुभव आपल्याकडून येता कामा नये.

नावं शोधायची कशी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘उत्कृष्ट समाजसेवकांची नावे कळवा’ अशी सूचना लावलीत, तर ज्यांचे फलक आधीच चौकात लागलेले आहेत त्यांचीच नावं येतील. ज्यांना शोधायचं आहे, त्यांना समाजसेवक हा शब्द कुणी लावलेलाच नसतो.

म्हणून प्रश्न बदला. आम्ही वही ठेवतो आणि तिच्या पहिल्या पानावर एवढंच लिहितो: ‘गेल्या वर्षभरात अडचणीत असताना तुम्ही कुणाला फोन केलात? रात्री दोनला कुणाचं दार वाजवलंत?’ या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात. पहिल्या वर्षी सूचना लावून सहा नावं आली होती, त्यांतली चार पदाधिकाऱ्यांची. वहीत एकेचाळीस आली, आणि त्यांतली बरीचशी माणसं समितीतल्या कुणालाच माहीत नव्हती.

वही फक्त ऑफिसात ठेवू नका. वॉचमनच्या टेबलावर ठेवा, किराणा दुकानात दोन दिवस ठेवा, रिक्षा स्टँडवर घेऊन जा. औषधाच्या दुकानदाराला विचारा, कारण शेजारच्या म्हाताऱ्यांची औषधं कोण नेऊन देतं ते त्याला ठाऊक असतं. इस्त्रीवाल्याला विचारा. अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना विचारा, त्या प्रत्येक घरात जातात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं उत्तर आपण लिहून घ्या.

अशी विचारपूस केली की काय काय समजतं! गणपतीनंतर तलावाच्या काठावरचं निर्माल्य गोळा करायला दरवर्षी पहाटे जाणारे एक निवृत्त गृहस्थ. नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांच्या मुलांना त्याच नाक्यावर अक्षरं गिरवायला लावणारी कॉलेजची मुलगी. येऊरच्या पायथ्याशी राहणारा, घरात साप निघाला की वनखात्याला कळवून त्यांची माणसं येईपर्यंत लोकांना काठीपासून लांब ठेवणारा मुलगा. रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज भरून देणाऱ्या, आणि त्यासाठी चहासुद्धा न घेणाऱ्या एक काकू.

खात्री करा, पण चौकशी लावल्यासारखी नको

नावांची यादी सात-आठवर आणा आणि प्रत्येकाबद्दल नात्यात नसलेल्या तिघांशी बोला. ‘ते चांगले आहेत का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘तुमच्यासाठी त्यांनी काय केलं? केव्हा?’ हे विचारा. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. मानपत्राचा मजकूर याच कागदांतून निघतो. शक्य असेल तर समितीतल्या दोघांनी काम चालू असताना एकदा जाऊन यावं.

इथे एक प्रश्न हमखास येतो: सफाई कामगार, वॉचमन, नर्स यांचं ते कामच आहे, मग सत्कार कशाचा? माझं मत स्पष्ट आहे. काम नेकीने करणं हेही सन्मानाचंच आहे, फक्त मानपत्रात ते काम नीट सांगा. पण कंत्राटावरच्या सफाई कामगाराचा पगार दोन महिने थकला असेल आणि तुम्ही त्याला शाल घालणार असाल, तर आधी पगाराचं पत्र घेऊन कंत्राटदाराकडे जा.

एका वर्षी तिघांपेक्षा जास्त नावं घेऊ नका. पंचवीस जणांचा सत्कार म्हणजे पंचवीस वेळा टाळ्या, आणि कुणाचंच काम लक्षात राहत नाही. उरलेली नावं वहीत राहतात, ती पुढच्या वर्षी.

त्यांना विचारा

परस्पर नाव जाहीर करू नका. दोघांनी घरी जा, पेढे नेऊ नका, आधी बोला. पुष्कळ जण नको म्हणतात. एकदा दोनदा आग्रह करा, त्यापुढे नाही. काहींना खरोखरच नको असतं. दारू सोडवायला मदत करणारे, घरात मार खाणाऱ्या बाईला रात्री आसरा देणारे, यांना नाव गाजलं तर पुढे काम करणं कठीण होतं. एका ताईंनी आम्हाला सांगितलं, “माझा फोटो लागला तर उद्यापासून माझ्या दारात कुणी बाई यायची नाही.” आम्ही त्यांचा सत्कार केला नाही. समितीतले तिघे जण घरी जाऊन पत्र देऊन आलो.

होकार मिळाला तर चार गोष्टी विचारून घ्या. नाव कसं वाचायचं ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये हवं की आईचं, तेही त्यांनीच सांगावं. कुठला दिवस जमेल, कारण रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. सोबत कोण येणार. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला तर चालेल का.

मानपत्र

दीडशे-दोनशे शब्द, एक पान. ‘सेवाव्रती’, ‘दीनांचा कैवारी’, ‘अथांग करुणासागर’ हे शब्द काढून टाका. ते कुणालाही लागू पडतात. त्यांच्या जागी काम, ठिकाण, वर्षं आणि माणसं येऊ द्या. त्या मावशींचं मानपत्र आम्ही दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहिलं आणि त्यांना पुन्हा बोलावलं. त्यातला एक भाग असा होता:

‘अकरा वर्षांपूर्वी आपल्या शेजारणीला रात्री कळा सुरू झाल्या आणि आपण तिच्यासोबत रुग्णालयात गेलात. तेव्हापासून या वस्तीतल्या बायका एकट्या गेल्या नाहीत. आपण रांगेत उभ्या राहिलात, डबे पोचवलेत, चिठ्ठीवरचं औषध शोधायला पावसात स्टेशनपर्यंत चालत गेलात. आपल्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कुठल्या खिडकीवर काय मिळतं ते आपण खिडकीच्या रंगावरून लक्षात ठेवलंत.’

शेवटचं वाक्य त्यांच्याकडूनच समजलं होतं. असं एक तरी वाक्य मिळेपर्यंत मानपत्र लिहायला बसू नका.

मजकूर आधी त्यांना वाचून दाखवा. कुणाच्या आजाराचा, घरच्या भांडणाचा उल्लेख असेल आणि ते नको म्हणाले तर लगेच काढा. छपाईच्या वेळी तीन सिंहांची राजमुद्रा वर लावायचा मोह होतो. तिच्या खाजगी वापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. पुरस्काराचं नावही साधं ठेवा. ठाणे महापालिका ‘ठाणे भूषण’, ‘ठाणे गौरव’ असे पुरस्कार देते, त्यांच्याशी गोंधळ होईल असं नाव नको.

काय द्यावं

शाल आणि श्रीफळ असू द्या, त्यांना आपल्याकडे मान आहे. शाल सुती घ्या, ठाण्याच्या हवेत लोकरीची शाल कपाटातच राहते. प्लॅस्टिकात गुंडाळलेला पुष्पगुच्छ टाळा. मोठं सन्मानचिन्ह चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कुठे ठेवायचं? त्याऐवजी मानपत्राची चौकट नीट करून द्या, आणि उरलेल्या पैशांत त्यांच्या कामाला लागणारी वस्तू. मावशींनी मागितली होती एक मोठी टॉर्च आणि चाकांची खुर्ची, सगळ्या चाळीसाठी. रोख रक्कम द्यायची असेल तर पाकिटात, मंचावर आकडा न सांगता.

कार्यक्रमाचा दिवस

आमचा दिवस २६ जानेवारी. झेंडावंदनाला माणसं आलेलीच असतात, हवा बरी असते आणि वेगळा मंडप लागत नाही. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंतीही चांगली. एप्रिल-मे महिन्यात उघड्यावर कार्यक्रम ठेवू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा भर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली. सोहळा लहान असला तरी सावली आणि पिण्याचं पाणी आधी बघा.

गडकरी रंगायतन किंवा वाशीचं भावे नाट्यगृह घ्यायची गरज नाही. सोसायटीचं आवार, शाळेचा हॉल पुरतो. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या, आणि उघड्यावर रात्री दहानंतर तो बंदच. रस्त्यावर मंडप किंवा फलक असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी लागते.

एकूण वेळ एक तास. सत्कारमूर्तींना मधल्या खुर्च्या, त्यांच्या घरच्यांना पहिली रांग. पाहुणा एकच, पाच मिनिटांसाठी, आणि हे त्याला आमंत्रण देतानाच सांगा. मानपत्र निवेदकाने वाचू नये. ज्याला मदत झाली त्याने वाचावं, अडखळत का होईना. मावशींचं मानपत्र त्या अकरा वर्षांपूर्वीच्या शेजारणीच्या मुलीने वाचलं, ती तेव्हा पाचवीत होती. सत्कारमूर्तींना बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर माईक तोंडापुढे धरू नका.

आणखी एक गोष्ट जपा. बाईचा सत्कार करताना कुंकू लावायची, ओटी भरायची वेळ येते आणि ती विधवा असेल तर ताट हातात घेतलेली माणसं थबकतात. सगळ्यांसमोर ते थबकणं त्या बाईला लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनेही तसं आवाहन केलं. आपण घरी जातो तेव्हाच विचारून घ्यावं, आणि त्यांना चालत असेल तर सगळ्यांना लावतो तसंच कुंकू लावावं.

नंतर

आठवड्याच्या आत फोटोच्या कागदी प्रती घरी द्या. मानपत्राची एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आणि आपल्या वस्तीची नोंद पुढे कुणाला सापडायची असेल तर अशाच ठिकाणी सापडेल.

एखाद्याचं काम वस्तीपेक्षा मोठं वाटलं तर पुढे शिफारस करा. पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नाव सुचवू शकतो. कामाची माहिती आठशे शब्दांपर्यंत लिहायची असते, आणि तुमचे चौकशीचे कागद तिथे उपयोगी पडतात. बुडत्याला किंवा आगीतून कुणाला वाचवलं असेल तर जीवन रक्षा पदकासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, आणि ती लवकर करा.

मग २७ जानेवारीला नवी वही घ्या, पहिल्या पानावर तेच दोन प्रश्न लिहा आणि ती वॉचमनच्या टेबलावर ठेवा. पेन दोऱ्याने बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी नसतं.