क्लबच्या पहिल्या मोठ्या सफरीला निघण्याआधी: पाठवाऱ्यातली फसगत

शिडाच्या होड्यांच्या चार दिवसांच्या सफरीला नाव दिलंत म्हणजे गाठी, टॅक आणि जाइबची वळणं, लाइफजॅकेट हे सगळं झालेलं असणार. त्यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते माझ्या दुसऱ्या दिवसाच्या दुपारबद्दल. आजही वारा पाठीमागून छान लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

आम्ही सात होड्या. अंदाज १५ ते २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), वारा थेट पाठीवर. लख्ख ऊन, होडी ६ नॉटने पळतेय, डेकवर सगळे निवांत. पुढच्या दोन होड्यांनी रीफ घेतलेला, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान केलेलं दिसलं. मला वाटलं, उगाच घाबरतायत. माझं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, पूर्ण उघडं.

आता हे नीट समजून घ्या. खरा वारा १८ नॉट होता. आम्ही त्याच दिशेने ६ नॉटने पळत होतो, म्हणून अंगाला लागत होता फक्त १२. डोलकाठीवरचं यंत्रही १२च दाखवत होतं, कारण तेही होडीबरोबर पळत असतं. भूशिराला वळसा घालून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवली की होडीचा वेग वजा न होता वाऱ्यात मिळायला लागतो. होडी तिरकी जाते म्हणून पूर्ण ६ मिळत नाहीत, पण तोच १८चा वारा आता २२ लागतो. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२चे २२ झाले की शिडावरचा दाब तिपटीहून जास्त. वारा वाढलेलाच नसतो. आपण फक्त वळलेलो असतो.

भूशिरापलीकडे पांढऱ्या लाटा दिसल्या तेव्हा मी रीफ घ्यायला उठलो. मेनसेल तसूभर खाली येईना. पाठवाऱ्यात शीड बाजूच्या तारांवर दाबलं जातं आणि डोलकाठीच्या खाचेत सरकणारे तुकडे घट्ट अडकून बसतात. दाब काढायचा तर नाळ वाऱ्याकडे वळवायची, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच पूर्ण शिडानिशी करायचं. वळलो. होडीची एक कड पाण्याखाली गेली, सुकाणू हातात एकदम हलकं पडलं आणि होडी आपणहून वाऱ्याकडे फिरली. शीट, म्हणजे शीड आवरायचा दोर, धरलेल्या सोबत्याच्या तळव्याची कातडी दोराने सोलून निघाली. तो ओरडला नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. ते विसरता येत नाही.

म्हणून पाठवाऱ्यात दर अर्ध्या तासाला स्वतःला विचारा: आत्ता, या क्षणी वळावं लागलं तर एवढं शीड पेलेल का? यंत्रावरच्या आकड्यात होडीचा वेग मिळवा, म्हणजे खरा वारा कळेल; वळल्यावर तो त्याहूनही जास्त लागेल हे धरून मगच ठरवा. अंदाजातला आकडा सरासरीचा असतो, झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतात. २०च्या अंदाजात २८चा झोत आला तर आश्चर्य मानू नका. भूशिराच्या टोकाशी वारा आणखी जोर धरतो, आणि प्रवाह उलटा असेल तर लाटा आखूड, उभ्या होतात.

मोबाइलवरचे वाऱ्याचे रंगीत बाण पाहून दिवसभराचं ठरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. सकाळी जरूर बघा, पण तासाला एकदा बॅरोमीटरवरचा हवेचा दाब वहीत लिहा. तीन तासांत तीन हेक्टोपास्कल उतरला, तर जवळचं आडोशाचं बंदर कुठलं ते तेव्हाच ठरवा. आणि शिकवणारा निवडताना तुमच्या हातातला दोर हिसकावून घेणारा नको. ‘तू काय करशील?’ असं विचारून थांबणारा शोधा.

मळमळीची गोळी निघण्याआधीच घ्या. तरी मळमळ सुरू झाली तर सुकाणू मागून घ्या, नजर क्षितिजावर ठेवा. बहुतेकांची दोन दिवसांत जाते.

ताफ्यातली खरी भीती मागे पडण्याची असते. मीही त्यापायीच रीफ टाळला. पण ताफ्याचा वेग सगळ्यांत संथ होडीचा असायला हवा, आणि तुमच्या होडीचा निर्णय तुमचाच. ताफ्याचा प्रमुख तो घेऊ शकत नाही. निघायचं नसेल तर सकाळच्या बैठकीतच सांगा. कोणी हसत नाही, खरंच.

चौथ्या दिवशी तसाच वारा होता. मी धक्क्यावरच रीफ घेतला, मगच दोर सोडले. पोचायला इतरांपेक्षा पाऊण तास जास्त लागला. आमचे दोर झेलायला सहाही होड्यांवरची माणसं धक्क्यावर उभी होती.